ऊस गावचा, काटा परका

डिसेंबर लागला की बेलीझच्या उत्तर भागातला हमरस्ता उसाच्या ताब्यात जातो. टॉवर हिल कारखान्याच्या दिशेने जुनेपुराणे ट्रक आणि मागे ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर सरकत राहतात. जळक्या पाचटाची काजळी लागलेला ऊस साखळ्यांनी आवळलेला असतो. वळणावर एखादं कांडं रस्त्यावर पडतं आणि मागच्या चाकाखाली चिरडतं. कारखान्याजवळ पोचल्यावर रांग. चालक केबिनमधून उतरतो, ट्रकच्या सावलीला बसतो, शेजारच्याशी स्पॅनिशमध्ये भावाबद्दल कुरकुर करतो. कराड किंवा श्रीरामपूरच्या माणसाला इथे आणून सोडलं, तर भाषा कळली नाही तरी विषय कळेल.

या रांगेपासून काही किलोमीटरवर, न्यू रिव्हर नदीच्या काठी, ऑरेंज वॉक हे गाव आहे. तेरा-चौदा हजार वस्तीचं. लोक त्याला कौतुकाने ‘शुगा सिटी’ म्हणतात. बेलीझ म्हणजे मेक्सिको आणि ग्वाटेमाला यांच्या कुशीतला, कॅरिबियन समुद्राला लागलेला चिमुकला देश. साऱ्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. १९८१ पर्यंत ही ब्रिटिशांची वसाहत होती, १९७३ पर्यंत नाव ब्रिटिश होंडुरास. त्यामुळे सरकारी भाषा इंग्रजी. पण ऑरेंज वॉकच्या बाजारात कानावर पडते ती स्पॅनिश, मधूनमधून क्रियोल, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी युकातेक माया. मध्य अमेरिकेतल्या साखरेची गोष्ट सांगताना बहुतेकदा ग्वाटेमाला किंवा निकाराग्वातल्या बलाढ्य घराण्यांचं नाव निघतं, हजारो एकरांचे मळे आणि त्यावरचे रोजंदार. ऑरेंज वॉकची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. इथे ऊस लहान शेतकऱ्याचा आहे. पाच हजारांहून जास्त नोंदणीकृत ऊस उत्पादक, त्यातले मूठभर मोठे सोडले तर बाकी सगळे अल्पभूधारक. त्यांना ‘कान्येरो’ म्हणतात. अडचण एवढीच, की या कान्येरोंच्या हातात ऊस होता तेव्हा जमीन दुसऱ्याची होती, आणि जमीन हातात आली तेव्हा वजनकाटा दुसऱ्याचा झाला.

सुरुवात करावी लागते ती सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात. १८३० आणि १८४० च्या दशकांत तिथल्या गोऱ्या जमीनदारांनी दक्षिणेकडे उसाचे मळे वाढवायला घेतले. ज्या रानात माया शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मका लावत होते, ती राने मळ्यांत गेली. वर कर होते, चर्चची देणी होती. जुलै १८४७ मध्ये वायादोलिद इथे मान्वेल अंतोनियो आय या माया पुढाऱ्याला गोळी घातली गेली आणि काही दिवसांतच तेपिच गावातून बंडाची ठिणगी पडली. इतिहासात याला ‘जातियुद्ध’ असं नाव पडलं, पण भांडण जातीपेक्षा जमिनीचं आणि कराचं जास्त होतं. हे युद्ध कमी-अधिक जोराने पन्नास वर्षांवर चाललं.

१८४८ मध्ये सीमेजवळचं बाकालार हे शहर बंडखोरांनी घेतलं आणि तिथली माणसं जीव घेऊन दक्षिणेकडे पळाली. रिओ ओंदो नदी ओलांडली की ब्रिटिश हद्द. या निर्वासितांत स्पॅनिश रक्ताचे व्यापारी होते, मिश्र वंशाचे मेस्तिसो होते आणि बंडाशी घेणंदेणं नसलेले मायाही होते. पुढची काही वर्षं लोंढे येतच राहिले. कोरोझाल आणि ऑरेंज वॉक ही दोन्ही गावं त्यांनीच भरली. त्याआधी ऑरेंज वॉक म्हणजे लाकूडतोड्यांचा नदीकाठचा तळ होता. इंग्रजांना या मुलखात रस होता तो रंगासाठी लागणाऱ्या लॉगवुडमध्ये आणि नंतर महॉगनीत. शेती करणारं गाव ही कल्पना निर्वासितांनी आणली आणि तिच्याबरोबर ऊसही. ज्या पिकाच्या हव्यासाने घरदार पेटलं, तेच पीक त्यांनी नव्या ठिकाणी पोटासाठी लावलं.

पहिला ऊस छोट्या राना-तुकड्यांतला होता. बैल किंवा घोडा जुंपून लाकडी चरक फिरवायचा, रस कढईत आटवायचा, त्याची ढेप पाडायची. तिथे याला ‘त्रापिचे’ म्हणतात. आपल्या भाषेत सरळ गुऱ्हाळ. उरलेल्या रसाची रम. १८५० च्या दशकाच्या अखेरीस वसाहतीतून थोडीफार साखर बाहेरही जाऊ लागली आणि तेव्हा कुठे लाकडाच्या व्यापारात बुडालेल्या इंग्रज मालकांचं लक्ष उत्तरेकडे वळलं.

जमीन अर्थातच त्यांची होती. उत्तरेतला बहुतेक मुलूख चार-दोन लाकूड कंपन्यांच्या नावावर होता. त्यांतली सगळ्यात मोठी, १८५९ मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश होंडुरास कंपनी. १८७५ मध्ये तिचं नाव बेलीझ इस्टेट अँड प्रोड्यूस कंपनी झालं आणि वसाहतीतल्या खासगी जमिनीपैकी जवळजवळ निम्मी तिच्याकडे होती. मेस्तिसो आणि माया शेतकरी तिचे कूळ. खंड भरायचा, मालकाने सांगितलं तर उठायचं. एवढ्या ओसाड, जंगलाने भरलेल्या देशात शेतकऱ्याला स्वतःची म्हणून एकरभर जमीन मिळू नये, हे विचित्रच. पण लाकूड कंपन्यांचं गणित सरळ होतं: माणसाला शेत मिळालं, तर जंगलात कुऱ्हाड चालवायला कोण येईल?

कुऱ्हाडवाल्यांना बांधून ठेवायची रीत तर महाराष्ट्रातल्या वाचकाला फार ओळखीची वाटेल. नाताळच्या सुमारास मजूर बेलीझ शहरात जमत. मुकादम त्यांना हंगामाचा करार लिहून देई आणि आगाऊ रक्कम हातात ठेवी. ती सणात उडून जाई. मग जंगलातल्या तळावर कंपनीच्याच दुकानातून, कंपनीच्याच भावाने, उधारीवर पीठ आणि खारं मांस घ्यायचं. हंगाम संपताना हिशेबात मजूरच देणेकरी निघे. काम सोडून पळाला तर कायद्याने तुरुंग. हा कायदा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. बीड आणि पाथर्डीकडून कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यांना ‘उचल’ काय असते हे वेगळं सांगायला नको.

१८६० च्या दशकात मोठ्या इस्टेटी उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीचा सांगाडा आजही पाहायला मिळतो. ऑरेंज वॉकहून नदीने वर गेलं की लामानाई या माया नगरीचे अवशेष लागतात; तिथे उंच मंदिरं आहेत, दगडात कोरलेले चेहरे आहेत, आणि स्पॅनिश मिशनऱ्यांनी बांधलेल्या दोन चर्चच्या पडक्या भिंती. थोडं आत, झाडीत, विटांचं बांधकाम आणि एक भलं थोरलं लोखंडी चाक उभं आहे. वाफेवर चालणाऱ्या साखर गिरणीचं हे गतिचक्र. वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडाने मुळं त्याच्या आऱ्यांत घालून ते असं आवळलंय की झाड कुठे संपतं आणि यंत्र कुठे सुरू होतं ते चटकन कळत नाही. गिरणी फार वर्षं चाललीच नाही. बोटीतून येणारे पर्यटक मंदिरांचे फोटो काढतात, या चाकाजवळ फारसे रेंगाळत नाहीत. खरं तर ऑरेंज वॉक समजून घ्यायचं तर मंदिरापेक्षा हे चाक जास्त बोलतं.

कारण या चाकाला माणसं पुरवण्यासाठी इंग्रजांनी जगभर हात पसरले होते. १८६५ मध्ये चीनहून सुमारे पावणेपाचशे मजूर आणले गेले. तीन वर्षांत त्यांतले निम्मेही जागेवर उरले नाहीत. बरेचसे मेले आणि शंभराच्या आसपास सीमा ओलांडून बंडखोर मायांकडे पळून गेले. मळ्यावरच्या जिण्यापेक्षा युद्धात सापडलेलं जंगल बरं, असं त्यांना वाटलं असणार. अमेरिकेतल्या यादवीत हरलेले दक्षिणेतले मळेवालेही इथे येऊन पोचले आणि त्यांनी देशाच्या दक्षिण टोकाला, तोलेदोत, उसाचे मळे घातले. आणि हिंदुस्थानातून गिरमिटिये आले, बहुतेक जमैकातला करार संपवून. त्यांचे वंशज आज कोरोझाल आणि तोलेदो या जिल्ह्यांत आहेत. कोरोझालजवळच्या एका गावाचं नावच कॅलकटा आहे. घरात हिंदी किंवा भोजपुरी उरलेली नाही. आजोबांच्या आजोबांनी आणलेली हळद आणि मसाल्याची सवय तेवढी स्वयंपाकात टिकून आहे. मराठी मुलखातून कुणी गेल्याची खूण मात्र सापडत नाही.

गावाच्या आठवणीत सगळ्यात ठळक राहिलेली तारीख आहे १ सप्टेंबर १८७२. युकातानच्या बंडातून मायांचे दोन तट पडले होते. ‘बोलणाऱ्या क्रुसा’ला मानणारे क्रूसोब आणि मेक्सिकोशी तह केलेले इकाइचे. क्रूसोबांना बेलीझचे व्यापारी बंदुका आणि दारू विकत. इकाइच्यांचं म्हणणं असं, की इंग्रज ज्या जंगलात महॉगनी तोडतात ते आमचं आहे, तेव्हा त्याचा खंड द्या. हे म्हणणं मांडणाऱ्या मार्कोस कानुल या पुढाऱ्याने १८६६ मध्ये लाकूडतोडीच्या तळावर छापा घातला, त्याच वर्षअखेर इंग्रजांच्या तुकडीला पळवून लावलं, आणि १८७० मध्ये चक्क कोरोझाल गावात कूच केलं. १८७२ मध्ये तो सुमारे दीडशे माणसांनिशी ऑरेंज वॉकवर आला. गावच्या बराकीत वेस्ट इंडिया रेजिमेंटचे मूठभर कृष्णवर्णीय शिपाई होते. कित्येक तास गोळीबार झाला, घरं पेटली. शेवटी इकाइचे मागे फिरले. कानुल जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. ब्रिटिश अमलाविरुद्ध मायांनी केलेला हा शेवटचा मोठा हल्ला. त्यानंतर गावात फोर्ट केर्न्स आणि फोर्ट मंडी असे दोन कोट उभारले गेले.

शाळेच्या पुस्तकांत ही लढाई बराच काळ ‘इंडियनांचा हल्ला’ म्हणून शिकवली गेली. स्वातंत्र्यानंतर कानुलकडे पाहण्याची नजर बदलली आणि ती बदलायलाच हवी होती. ज्या जमिनीचा खंड इंग्रज मेस्तिसो कुळांकडून वसूल करत होते, त्याच जमिनीचा खंड कानुल इंग्रजांकडे मागत होता. दोघांच्या मागणीत फरक कसला, तर एकाकडे कागद होता.

मग साखर ओसरली. युरोपात बीटची साखर स्वस्त झाली आणि बेलीझच्या गिरण्या एकेक करून गंजल्या. पुढची पन्नास-साठ वर्षं गाव जगलं ते मका, रम आणि चिकलवर. चिकल म्हणजे सापोडिल्याच्या, आपल्या चिकूच्या, झाडाचा चीक. अमेरिकेतल्या च्युइंग गमसाठी त्याला मागणी होती. पावसाळ्यात गड्यांच्या टोळ्या जंगलात शिरत, झाडाला नागमोडी चिरा पाडून चीक गोळा करत. तिथेही आगाऊ रक्कम आणि तिथेही उधारी.

ऊस परत आला तो विसाव्या शतकात. १९३० च्या दशकात कोरोझाल जिल्ह्यात लिबेर्ताद इथे एक लहानसा कारखाना निघाला. पण खरा पालट झाला एका वादळाने. सप्टेंबर १९५५ मध्ये जॅनेट चक्रीवादळाने कोरोझाल अक्षरशः झोपवलं. पुनर्वसनाचा पैसा आला आणि त्यातला बराचसा उसाच्या लागवडीकडे वळला. १९५९ मध्ये वसाहतीला राष्ट्रकुल साखर करारात जागा मिळाली, म्हणजे ठरलेल्या भावाने ठरावीक साखर ब्रिटन घेणार हे नक्की झालं. त्याच सुमारास शेतकऱ्यांच्या ऊस उत्पादक संघटना उभ्या राहिल्या. जॉर्ज प्राइस यांच्या राष्ट्रवादी पक्षाने कोटा लहान शेतकऱ्यांत वाटला जावा यासाठी जोर लावला. लंडनच्या टेट अँड लाइल कंपनीने १९६० च्या दशकात लिबेर्ताद घेतला आणि १९६७ मध्ये ऑरेंज वॉकच्या दक्षिणेला टॉवर हिल इथे नवा, कितीतरी मोठा कारखाना सुरू केला. ऊस पुरवणाऱ्यांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली.

कंपनीने आधी स्वतःचे मळेही घातले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने ते सोडून दिले. ऊस शेतकऱ्याने पिकवायचा, जोखीम त्याची; गाळप आणि विक्री आमची. वरवर पाहता हा शेतकऱ्यांचा विजय होता आणि गावाने तो तसाच साजराही केला. काही वर्षं तर तो खराच वाटला. नोव्हेंबर १९७४ मध्ये जगाच्या बाजारात साखरेचा भाव कधी नव्हे एवढा चढला. ऑरेंज वॉकमध्ये लाकडी घरांच्या जागी काँक्रीटची घरं आली, पिकअप गाड्या आल्या. कारखान्याच्या चिमणीखाली बागायतदार झालेली माणसं पश्चिम महाराष्ट्रातही पुष्कळ आहेत. फरक इतकाच, की १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी जो कारखाना काढला, त्याचे भाग शेतकऱ्यांच्या नावावर होते. ऑरेंज वॉकच्या कान्येरोने ऊस घातला, भाग कधीच घेतला नाही. त्याला कुणी विचारलंही नाही.

दहा वर्षांत भाव धुळीला मिळाले. १९८५ मध्ये लिबेर्ताद बंद झाला, कोरोझालचा ऊसही टॉवर हिलला यायला लागला. टेट अँड लाइलने अंग काढून घेतलं आणि कारखाना चालवणाऱ्या बेलीझ शुगर इंडस्ट्रीज या कंपनीचे बहुतेक भाग कामगारांच्या विश्वस्त निधीकडे गेले. म्हणजे मालकी पहिल्यांदा स्थानिक झाली, ती नेमकी तोट्याच्या काळात.

आणि ऊस परवडेना तेव्हा शेतात दुसरं पीक आलं. १९८० च्या दशकाच्या मध्याला बेलीझ हा अमेरिकेला गांजा पुरवणाऱ्या अव्वल देशांपैकी एक होता आणि त्याचं केंद्र ऑरेंज वॉक. उसाच्या आड गांजा, सरळसोट रस्त्यांवर रात्री उतरणारी छोटी विमानं, गावात बंदुका. गावाला तेव्हा ‘रॅम्बो टाउन’ म्हणत. १९८५ मध्ये एका माजी मंत्र्यालाच मायामीत अटक झाली. अमेरिकेच्या दबावाखाली सरकारने विमानातून तणनाशक फवारलं, पिकं जळाली आणि तो अध्याय हळूहळू मिटला. ऑरेंज वॉकची मंडळी आज हा काळ फारसा काढत नाहीत. पण उसाचा भाव पडला की शेतकरी काय करतो, याचं हे एक टोकाचं उत्तर होतं, आणि त्याला फक्त गुन्हेगारीच्या खात्यात टाकणं सोयीचं असलं तरी अपुरं आहे.

या सगळ्या उलथापालथीत गावाची वस्ती मात्र रंगत गेली. १९५८ पासून मेक्सिकोतून मेनोनाइट पंथाचे जर्मन बोलीचे लोक जिल्ह्यात आले. शिपयार्ड वसाहतीतले कर्मठ मेनोनाइट आजही घोडागाडीने बाजारात येतात, पुरुष खांद्यावरून पट्टे घेतलेल्या विजारीत, बायका लांब झग्यात आणि रुंद कडेच्या टोपीत. मका, भात, कोंबडी, दूध यांत त्यांनी देशाचा बाजार हाती घेतला. १९८० च्या दशकात ग्वाटेमाला आणि एल साल्वाडोरच्या यादवीतून पळालेले निर्वासित आले आणि उसाच्या फडात कोयता त्यांच्या हातात गेला. किराणा दुकानं चिन्यांची, पण हे चिनी पावणेपाचशे गिरमिटियांचे वंशज नव्हेत. ते अलीकडे आलेले.

गावची खरी शान मात्र टाको. बागेभोवतीच्या टपऱ्यांवर पहाटेपासून मऊ मक्याच्या छोट्या भाकऱ्या शेकल्या जातात, त्यात शिजवून पिंजलेली कोंबडी, वर चिरलेली कोबी, कांदा, कोथिंबीर आणि हबानेरो मिरचीचं झणझणीत पाणी. दुपार व्हायच्या आत सगळं संपतं. कित्येक वर्षं डॉलरला तीन असा भाव होता, बेलीझी डॉलरला, म्हणजे अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरला. कारखान्यावर निघालेला चालक, शाळेची पोरं, बँकेतला कारकून, सगळे एकाच टपरीसमोर उभे. जळक्या मिरच्यांच्या वाटणाचा काळाकुट्ट रस्सा, चिमोले, आणि कांद्याचं आंबटसर एस्काबेचे हीसुद्धा युकातानहून आलेली शिदोरी. सध्याचे पंतप्रधान जॉन ब्रिसेनियो हे ऑरेंज वॉकचेच. २०२० च्या नोव्हेंबरात ते निवडून आले, तेव्हा शुगा सिटीची माणसं हरखली होती.

आता फडाकडे. बेलीझचा ऊस पावसावर येतो. पाटपाणी, ठिबक जवळजवळ नाहीच. एकदा लावलेल्या बेण्यावर खोडव्यामागून खोडवा घेत राहायचं. त्यामुळे एकरी उतार आपल्या बागायती उसाच्या पासंगालाही पुरत नाही. तोडीआधी फड पेटवतात, म्हणजे पाचट जळतं, साप पळतात आणि तोड सोपी होते. तोडणारा वाकून बुडख्याशी घाव घालतो, कारण साखर बुडाला जास्त. दुसऱ्या घावात शेंडा उडतो. दुपारपर्यंत माणूस डोक्यापासून पायापर्यंत काळा. जळालेला ऊस लवकर कारखान्यात गेला नाही की साखर उतरू लागते. म्हणून रांगेत उभा असलेला ट्रक म्हणजे तासातासाला हलका होणारा पैसा. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की कान्येरो इतक्या चटकन रस्त्यावर का उतरतो ते कळतं.

फेब्रुवारी २००९ मध्ये तो उतरला होता. कारखान्याने ‘कोअर सँपलर’ हे यंत्र बसवलं. पोकळ नळी वरून ट्रकमधल्या उसात घुसते, नमुना ओढून काढते, आणि त्यावरून उसाची प्रत ठरते. कागदावर यात गैर काही नाही, चांगला ऊस घालणाऱ्याला चांगला दाम मिळायलाच हवा. पण नळी कुठे घुसवायची, नमुना कुणी तपासायचा, आकडा कुणी लिहायचा, हे सगळं कारखान्याच्या हातात. शेतकऱ्यांनी टॉवर हिलजवळ हमरस्ता अडवला. पोलिसांनी गोळीबार केला, एक शेतकरी ठार झाला. यंत्र मागे पडलं. काट्यावरचा अविश्वास हा साखरपट्ट्यात कुठेही जुनाच रोग आहे. तिथे तो रक्त सांडण्यापर्यंत गेला.

त्या वर्षी एवढा ताण असायला कारणही होतं. युरोपीय संघाने २००६ पासून साखरेचा आधारभाव चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरवला. ज्या हमीवर १९५९ पासून गाव उभं होतं, तीच खचत होती. २०१७ मध्ये युरोपातले साखरेचे कोटेही उठले आणि स्वस्त बीटसाखरेला मोकळं रान मिळालं. यातून सावरायला एक आधार मिळाला तो ‘फेअरट्रेड’चा. २००८ मध्ये टेट अँड लाइलने ब्रिटनमधली किरकोळ विक्रीची साखर फेअरट्रेड करण्याचं जाहीर केलं आणि तो ऊस बेलीझच्या शेतकरी संघटनेचा होता. टनामागे वरचा पैसा संघटनेकडे येऊ लागला. त्यातून खतं, शाळा, नवी लागवड झाली. अटीही आल्या: फडात लहान मूल दिसलं तर प्रमाणपत्र धोक्यात. घरची सगळी माणसं शेतात राबणं हीच जिथे रीत होती, तिथे हे पचायला जड गेलं.

मग २०१२ मध्ये अमेरिकन शुगर रिफायनिंग या कंपनीने बेलीझ शुगर इंडस्ट्रीज विकत घेतली. हिनेच दोन वर्षांपूर्वी टेट अँड लाइलचा साखर-शुद्धीकरणाचा धंदा घेतला होता. म्हणजे टॉवर हिलची कच्ची साखर लंडनमधल्या सिल्व्हरटाउनच्या ज्या रिफायनरीत जाते, तीही तिचीच. विकणारा आणि विकत घेणारा एकच झाल्यावर भाव खरा किती, हा प्रश्न शेतकऱ्याने विचारला तर त्याला संशयी म्हणता येणार नाही. आणि यातला सगळ्यात बोचरा भाग असा, की या कंपनीच्या मालकीत फ्लोरिडातल्या ऊस उत्पादकांच्या एका सहकारी संस्थेचाही वाटा आहे. सहकाराचं तत्त्व टॉवर हिलपर्यंत पोचलं खरं, पण दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्यांच्या रूपाने.

इथला भाव ठरतो तो विक्रीतून खर्च वजा जाता उरलेल्या रकमेच्या वाटणीवर, ६५ टक्के शेतकऱ्याला आणि ३५ टक्के कारखान्याला. आपल्याकडे रंगराजन समितीने २०१२ मध्ये उपपदार्थ धरून ७० टक्के वाटा शेतकऱ्याला द्यावा असं सुचवलं होतं, त्याच्याशी हे ताडून पाहण्यासारखं आहे. बेलीझमधली लढाई नेमकी उपपदार्थावरच पेटली. २००९ मध्ये कारखान्याच्या शेजारी बगॅसवर वीज करणारा प्रकल्प सुरू झाला. वीज देशाच्या जाळ्यात विकली जाऊ लागली आणि शेतकऱ्यांनी विचारलं, चिपाड आमच्या उसाचं, मग त्याचा दाम? कंपनीचं उत्तर: पैसे साखरेचे ठरले आहेत, आणि वीजप्रकल्पात भांडवल आमचं. २०१४ च्या अखेरीस करार होईना म्हणून हंगामच अडला. उभा ऊस शेतात, कारखाना थंड. अखेर जानेवारी २०१५ मध्ये सह्या झाल्या. बगॅसपोटी जे पदरात पडलं ते टनामागे किरकोळ होतं.

किंमत मोजावी लागली ती वेगळी. ताणाताणीत शेतकरी संघटना फुटली. सरकारने २०१५ मध्ये कायदा बदलून एकाच संघटनेचं सक्तीचं सभासदत्व काढून टाकलं आणि जुन्या संघटनेसोबत कोरोझालची एक आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ नावाची एक अशा आणखी दोन उभ्या राहिल्या. नव्या संघटनांनी कंपनीशी आपापले करार केले. त्यांचं म्हणणं, जुन्या पुढाऱ्यांनी हट्टापायी हंगाम घालवला; जुन्यांचं म्हणणं, कंपनीने फूट पाडली. दोन्हीत तथ्य असावं. पण समोर एकच कारखाना असताना विकणाऱ्यांचे तीन गट झाले, तर सौदा कुणाला सोपा जातो हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. देशात दुसरा साखर कारखाना २०१६ मध्ये निघाला, पण तो पश्चिमेला कायो जिल्ह्यात, आणि स्वतःच्या यांत्रिक मळ्यांवर चालणारा. ऑरेंज वॉकच्या कान्येरोला ऊस तिकडे न्यायची सोय नाही. २०२२ च्या डिसेंबरात करारावरून पुन्हा तिढा पडला, सरकारने मध्यस्थी करून हंगाम सुरू केला आणि पुढच्या वर्षी साऱ्या उद्योगाच्या चौकशीसाठी आयोग नेमला.

साखरेने गावाच्या अंगावर आणखी काही खुणा ठेवल्या आहेत. मे २०१३ मध्ये ऑरेंज वॉक जिल्ह्यातल्या नोहमुल इथला माया पिरॅमिड बुलडोझरने खणलेला आढळला; दोन हजार वर्षांहून जुनं ते बांधकाम खासगी उसाच्या शेतात होतं आणि ठेकेदाराला रस्त्यावर टाकायला चुनखडीचा मुरूम हवा होता. गावाजवळच्या कुएयो रम भट्टीच्या आवारात पुरातत्त्वज्ञ नॉर्मन हॅमंड यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केलं, तेव्हा माया प्रदेशातल्या सर्वांत जुन्या खेड्यांपैकी एक हाती लागलं. आधी चार हजार वर्षांहून जुनं म्हणून गाजलं, नंतरच्या तपासणीत काळ बराच अलीकडे आला, तरी महत्त्व उरलंच. आणि २०१९ मध्ये न्यू रिव्हर नासली. पाण्याचा रंग बदलला, प्राणवायू उतरला, सडक्या अंड्यांचा वास गावभर पसरला. पर्यावरण खात्याने पाण्यात पोषकद्रव्यांचा अतिरेक झाल्याचं सांगितलं. कारखान्याचं गरम पाणी, शेतातली खतं, गावचं सांडपाणी, प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. शतकभर लाकूड वाहून नेणारी आणि नंतर साखरेचे तराफे वाहणारी ही नदी त्या वर्षी नाकाला रुमाल लावून ओलांडावी लागत होती. साखर तर आता तिच्यावरून जातही नाही. २०२१ पासून कंपनीने निर्यात दक्षिणेतल्या बिग क्रीक बंदराकडे वळवली आणि बेलीझ शहरातल्या गोदी कामगारांनी गेलेल्या रोजगाराच्या भरपाईसाठी आंदोलन केलं.

सध्याची डोकेदुखी बुरशीची आहे. २०२४ मध्ये उत्तरेतल्या फडांत फ्युजेरियमने ऊस वाळवायला सुरुवात केली. जुना खोडवा, एकाच वाणाची लागवड आणि आधी कोरड, मग पाऊस असं हवामान, तिन्ही गोष्टी रोगाला पोषक ठरल्या. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: जुना ऊस मोडा, नवं निरोगी वाण लावा. पण नवी लागवड म्हणजे नांगरट, बेणं, खत, मजुरी, आणि पहिलं बिल हाती यायला वर्षाहून जास्त वाट. बँका अल्पभूधारकाला कर्ज द्यायला नाखूश, तोडणीला मजूर मिळत नाहीत, शिकलेली मुलं बेलीझ शहरात नाहीतर अमेरिकेत. संघटना म्हणतात खर्चात सरकारने आणि कारखान्याने वाटा उचलावा. पुनर्लागवडीचा हा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो, यावर पाच हजार खातेदारांपैकी किती जण पुढच्या हंगामात ट्रक घेऊन टॉवर हिलच्या रांगेत येतील हे ठरणार आहे.